२०० विजयांचा राजा की १०५ विजयांचा कोल्हा?

तिरका ट्रॅक
फेब्रुवारीत डेटोना ५०० ही सगळ्यात मानाची शर्यत झाली की नॅसकारच्या, म्हणजे अमेरिकेतल्या स्टॉक कार शर्यतींच्या, सर्वकालीन ड्रायव्हरांची तीच यादी पुन्हा फिरायला लागते. रिचर्ड पेटी, डेल अर्नहार्ट, जिमी जॉन्सन, पाठोपाठ जेफ गॉर्डन. पहिल्या तिघांकडे प्रत्येकी ७ विजेतेपदं, त्यामुळे मानाची पानं त्यांना. डेव्हिड पिअर्सन चौथा-पाचवा, पंगतीला उशिरा पोचलेल्या पाहुण्यासारखा.

मला हे मान्य नाही. माझा पहिला नंबर पिअर्सन.

ज्यांना या खेळाचा गंध नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: स्टॉक कार म्हणजे मुळात शोरूममधून आणलेली साधी गाडी. १९४९ मध्ये शार्लटला पहिली शर्यत झाली तेव्हा पहिल्या आलेल्या ग्लेन डनवेला बाद केलं, कारण त्याच्या गाडीच्या मागच्या स्प्रिंगा गावठी दारू वाहण्यासाठी भक्कम केलेल्या निघाल्या. म्हणजे 'स्टॉक' हा शब्द पहिल्या दिवसापासूनच जरा पातळ आहे.

आता हिशेब. पेटी: १,१८४ शर्यती, २०० विजय. पिअर्सन: ५७४ शर्यती, १०५ विजय. पेटी साधारण सहा शर्यतींमागे एक जिंकतो, पिअर्सन साडेपाचांमागे. दोघं पहिला-दुसरा आले अशा शर्यती ६३. त्यात पिअर्सन पुढे ३३ वेळा, पेटी ३० वेळा. पिअर्सनने पूर्ण हंगाम मोजकेच खेळले, तरी १९६६, ६८ आणि ६९ ची विजेतेपदं त्याची. १९७३ मध्ये फक्त १८ शर्यतींत उतरला आणि ११ जिंकला.

पण आकडे सोडा. १९७४, डेटोना, जुलैची फायरक्रॅकर ४००. शेवटचा लॅप. पिअर्सन पुढे, पेटी त्याच्या बंपरला चिकटून. पुढची गाडी हवा फाडते आणि मागची त्या पोकळीत ओढली जाते. हायवेला ट्रकच्या मागे स्कूटर धरली की हँडल एकदम हलकं वाटतं, तेच. त्यामुळे डेटोनाला शेवटच्या लॅपमध्ये पुढे असणं म्हणजे बकरा होणं, मागचा बाहेर निघून सुसाट पुढे जाणार. पिअर्सनला हे माहीत होतं. शेवटच्या लॅपचा पांढरा झेंडा पडल्या पडल्या त्याने ॲक्सिलरेटरवरून पाय काढला. इंजिन गेलं असं वाटून पेटीने गाडी वळवली आणि पुढे निघाला. आता मागे कोण? पिअर्सन. त्याच पोकळीत शिरून त्याने पेटीला गाठलं आणि शर्यत मारली. पेटी चिडला होता, असा खेळ धोक्याचा म्हणून. असेलही. पण ताशी तीनशेच्या घरात पळताना इतकं थंड डोकं दुसऱ्या कोणाचं दाखवा. उगाच नव्हते त्याला चंदेरी कोल्हा म्हणत.

त्रेचाळीस नंबर
साफ अमान्य. ३३–३० म्हणजे तीन शर्यतींचा फरक, त्यावर कोणी सिंहासन उलटवत नाही.

सरासरीचं म्हणाल तर पेटी पंचावन्नाव्या वर्षापर्यंत गाडी चालवत राहिला. शेवटचा विजय १९८४ चा, निवृत्ती १९९२ ची. मधली आठ वर्षं एकही विजय नाही, तरी दर रविवारी हजर, आणि शर्यत संपल्यावर सह्या देत उभा. ती आठ वर्षं भाजकात टाकायची आणि मग 'बघा, सरासरी कमी' म्हणायचं? पिअर्सन निवडक शर्यतींना यायचा. मोठे ट्रॅक, तगडी गाडी, नीट झोप. शेलकं तेवढं उचललं की सरासरी कोणाचीही छान दिसते.

आणि डेटोना ५०० बद्दल धाग्यात चकार शब्द नाही. पेटी ७, पिअर्सन १.

आगाऊ
मुंबईत पेटी म्हणजे एक लाख. आमच्या भजनी मंडळात पेटी म्हणजे हार्मोनियम. ही तिसरी पेटी आजच कळली. चालू द्या, मी चहा ठेवून आलो.

हिशेबनीस
पेटीच्या २०० ला हात लावायला कोणी धजत नाही, म्हणून मी लावतो. १९६७ मध्ये त्याने एका हंगामात २७ शर्यती जिंकल्या, सलग १० धरून. ऐकायला भन्नाट. पण तेव्हा हंगामात पन्नासेक शर्यती असत, आणि त्यातल्या कितीतरी मधल्या वारी, अर्ध्या मैलाच्या मातीच्या ट्रॅकवर, शंभर मैलांच्या. समोर निम्मे लोक स्वतःच गाडी दुरुस्त करून, स्वतःच टोचन करून आणणारे. पेटीमागे मात्र क्रायसलरचा पैसा. १९७२ पासून हंगाम आटोपशीर झाला, तोच खरा मोजायचा काळ. त्यात गॉर्डनचे ९३ आणि जिमी जॉन्सनचे ८३ विजय हिमालयाएवढे आहेत.

माझा पहिला नंबर जॉन्सन. २००६ ते २०१० सलग पाच विजेतेपदं. कोणी केलंय?

त्रेचाळीस नंबर
मातीचा ट्रॅक सोपा असतो हे कोणी सांगितलं? खड्डे, धूळ, समोरचं दिसत नाही. आणि तो दुबळा प्रतिस्पर्धी म्हणजे कोण? त्याच ट्रॅकवर पिअर्सन होता, बॉबी ॲलिसन होता. ते का नाही जिंकले २७?

तिरका ट्रॅक
@हिशेबनीस, जॉन्सनबद्दल आदर आहे, पण ती सातही विजेतेपदं 'चेस' किंवा प्लेऑफच्या काळातली. हंगामाच्या शेवटी गुणांची पाटी पुसून नव्याने सुरुवात. जुन्या पद्धतीने वर्षभराचे गुण मोजले तर २००७ चा विजेता गॉर्डन.

हिशेबनीस
२००७ मध्ये जॉन्सनने १० शर्यती जिंकल्या, गॉर्डनने ६. शेवटच्या टप्प्यात जॉन्सनने सलग चार मारल्या. पेपर कुठल्या पद्धतीचा आहे ते सगळ्यांना आधीच माहीत होतं. त्या पद्धतीचा अभ्यास करून पहिला आला, यात त्याचं काय चुकलं?

तिरका ट्रॅक
चुकलं काहीच नाही. पण मग विजेतेपदांच्या संख्येवर क्रमवारी लावू नका, एवढंच म्हणतोय. तोवर साठ शर्यती जिंकलेला डेनी हॅमलिन २०२५ ची शेवटची शर्यत बहुतेक वेळ आघाडीवर होता, शेवटी सावधानतेचा पिवळा झेंडा आला, गाड्या पुन्हा एका रांगेत आल्या आणि चषक कायल लार्सनने नेला. उलट २००३ मध्ये मॅट केनसेथ वर्षभरात एकच शर्यत जिंकून विजेता. पद्धत बदलली की देव बदलतो.

काळी तीन
तुम्ही सगळे वही-पेन्सिल घेऊन बसलात, गाडी कोणी चालवली ते राहूनच गेलं.

डेल अर्नहार्ट. नववीत शाळा सोडलेला गिरणगावचा पोरगा (कॅनापोलिस, नॉर्थ कॅरोलिना, अख्खं गाव सुताच्या गिरणीवर). १९७९ मध्ये सर्वोत्तम नवोदित, १९८० मध्ये थेट विजेता. आरशात काळी शेवरले दिसली की पुढच्याच्या पोटात गोळा यायचा. १९८७ ला शार्लटमध्ये त्याने बिल एलियटला गवतातून ओव्हरटेक केलं ते बघा आणि मग बोला.

२००० साली टालाडेगाला पाच-सहा लॅप राहिले असताना तो १८ वा होता. जिंकला. तोच त्याचा शेवटचा विजय. पुढच्या फेब्रुवारीत डेटोनाच्या शेवटच्या लॅपला, चौथ्या वळणावर तो अपघातात गेला.

हिशेबनीस
दुरुस्ती. १९८७ ला ओव्हरटेक झालंच नव्हतं. अर्नहार्ट आधीच पुढे होता, धक्का लागून गवतात गेला आणि गाडी सावरत पुढेच राहून ट्रॅकवर परतला. नाव पडलं 'गवतातलं ओव्हरटेक', म्हणून सगळे तसंच सांगतात.

काळी तीन
मान्य. पण लॉनवरून त्या वेगात गाडी सरळ आणणं हे ओव्हरटेकपेक्षा अवघड आहे, माझ्या बाजूनेच बोललात.

त्रेचाळीस नंबर
१९९९ चं ब्रिस्टल विसरलात वाटतं. शेवटच्या लॅपला टेरी लबॉन्टीला मागून ठोकून फिरवलं, आणि वर म्हणाला की फक्त जरा हलवायचं होतं. त्याच्याच माणसांनी भरलेल्या स्टँडमधून हुर्यो झाली. याला दरारा म्हणायचं की गुंडगिरी?

काळी तीन
दोन्ही. अर्धा मैल ट्रॅकवर चाळीसेक गाड्या कोंबल्यावर काय आरती ओवाळणार?

गेल्यावरही त्याचा हिशेब धरा. २००० मध्ये पेटीचा नातू ॲडम आणि केनी अर्विन न्यू हॅम्पशायरच्या एकाच वळणावर दोन महिन्यांच्या अंतराने गेले, तरी मान धरून ठेवणारा हान्स पट्टा सक्तीचा झाला नाही. अर्नहार्टला स्वतःला तो नको होता. २००१ ला तो गेला आणि वर्ष संपायच्या आत पट्टा सक्तीचा. पुढे भिंतींनाही धक्का शोषणारं आवरण आलं. त्यानंतर या मुख्य मालिकेत कोणी दगावलेलं नाही.

शार्लट मुक्काम
इथे राहून बारा वर्षं झाली, म्हणून दोन शब्द. आमच्याकडून मार्टिन्सव्हिल अडीच तासांवर. पहिल्यांदा गेलो तेव्हा हौसेने अगदी खालच्या रांगेची तिकिटं काढली. पन्नास लॅपनंतर कोल्ड्रिंकच्या ग्लासात काळे दाणे तरंगायला लागले. टायरचं रबर! केसांत, कानांत, शर्टाच्या खिशात. बायकोने तो पांढरा कुर्ता पुन्हा घातला नाही.

शेजारच्या आजोबांनी त्यांच्या स्कॅनरचा एक हेडफोन माझ्या कानाला लावला. ड्रायव्हर आणि क्रू चीफचं (गाडीच्या चमूच्या प्रमुखाचं) बोलणं थेट ऐकू येतं. ड्रायव्हर सारखा कुरकुरतोय की वळणाच्या मध्यावर गाडी वळत नाही, क्रू चीफ शांतपणे सांगतोय की पुढच्या पिटला (टायर-इंधनाच्या थांब्याला) टायरमधली हवा अर्धा पाउंड कमी करतो. पिटनंतर तोच ड्रायव्हर लॅपमागे एकेक गाडी गिळत निघाला. तेव्हापासून माझा प्रश्न आहे: यात ड्रायव्हरचं किती? आपल्याकडे बैलगाडा शर्यतीत पळतात बैल आणि फेटा बांधतात मालकाला. जॉन्सनच्या सातही चषकांमागे क्रू चीफ चॅड नाउस. गॉर्डनच्या पहिल्या तीन चषकांमागे रे एव्हरनहॅम. आणि पिअर्सनची ७३ ची ती कमाल वुड बंधूंच्या गाडीत, ज्यांनी झटपट पिट स्टॉपचं शास्त्रच उभं केलं. १९६५ ला इंडियानापोलिसला जिम क्लार्क जिंकला तेव्हा पिटमध्ये हेच होते.

जाता जाता: आपला नरेन कार्तिकेयन २०१० मध्ये नॅसकारच्या ट्रक मालिकेत उतरला तो याच मार्टिन्सव्हिलला. १३ वा आला होता.

तिरका ट्रॅक
उत्तम मुद्दा, आणि तो पिअर्सनच्याच पारड्यात पडतो. १९६६ चं विजेतेपद कॉटन ओवेन्सच्या डॉजमध्ये. ६८–६९ ची होल्मन-मूडीच्या फोर्डमध्ये. सत्तरच्या दशकातला धुमाकूळ वुड बंधूंच्या मर्क्युरीत. तीन मालक, तीन कंपन्या, माणूस तोच. पेटी जवळजवळ सगळा काळ घरच्या गॅरेजमध्ये, जॉन्सनचे ८३ च्या ८३ विजय हेंड्रिकच्या संघाकडे. बैल बदलूनही घाट मारणारा एकच.

मागची रांग
सगळ्यांच्या याद्या वाचल्या. वेंडेल स्कॉट एकाही यादीत नाही.

डॅनव्हिल, व्हर्जिनियाचा. १ डिसेंबर १९६३, जॅक्सनव्हिल. शर्यत तो जिंकला, पण झेंडा बक बेकरसाठी पडला, फोटो बेकरचे, करंडक बेकरला. काही तासांनी, लोक घरी गेल्यावर, मोजणीत चूक झाली असं सांगून स्कॉटला विजेता ठरवलं. काळ्या माणसाला तिथे विजेता म्हणून उभं करायचं नव्हतं, हे न कळायला आपण दूधखुळे नाही. तो करंडक त्याच्या घरच्यांना मिळाला २०२१ मध्ये. स्कॉट १९९० लाच वारला होता.

४९५ शर्यती. जुन्या गाड्या, वापरलेले सुटे भाग, पिटमध्ये स्वतःची मुलं. १९६६ मध्ये गुणतक्त्यात सहावा. पेटीची गाडी त्याला दिली असती तर?

हिशेबनीस
स्कॉटवर अन्याय झाला यात वाद नाही. पण 'दिली असती तर' यावर क्रमवारी लावता येत नाही. विजय एक आहे.

मागची रांग
मग वर तुम्हीच म्हणालात ना, स्वतः दुरुस्त करून स्वतः टोचन करून आणणारे लोक समोर होते म्हणून पेटीचे विजय हलके. ते लोक म्हणजे स्कॉट. त्यांचा उपयोग फक्त दुसऱ्याचे गुण कापायला?

हिशेबनीस
... याला उत्तर नाही माझ्याकडे. रात्री विचार करतो.

आगाऊ
चहा संपला. मला एकच शर्यत सांगा, जी बघून ठरवता येईल.

तिरका ट्रॅक
१९७६ ची डेटोना ५००, शेवटचा लॅप. चौथ्या वळणातून पेटी आणि पिअर्सन दोघंही भिंतीवर आदळतात, गरगरत गवतात येतात. पेटीची गाडी रेषेच्या अलीकडे बंद पडते. पिअर्सनने गरगरतानाच क्लच दाबून धरलाय, इंजिन जिवंत. रेडिओवर विचारतोय, रिचर्ड कुठे आहे. आणि चेमटलेलं नाक घेऊन, रांगत रांगत रेषा ओलांडतो.

आगाऊ
पाहिलं. चार वेळा. ज्या वेगाने ती गाडी रेषा ओलांडते त्या वेगाने आमची बस लक्ष्मी रोडला जाते. आणि पेटीची माणसं धावत येऊन गाडी ढकलतात, ते बघून आमची जुनी फियाट आठवली. दुसरा नंबर त्यालाच मिळाला म्हणे. माझं मत पिअर्सनला.

त्रेचाळीस नंबर
थांबा, मत टाकायच्या आधी १९७९ ची पाहा. शेवटच्या लॅपला केल यारबरो आणि डॉनी ॲलिसन पुढे, एकमेकांना धडका देत दोघंही बाद. अर्धा लॅप मागून पेटी येतो आणि जिंकतो. तिकडे गवतात ॲलिसन बंधू आणि यारबरोची मारामारी, आणि हे सगळं अमेरिकेत थेट टीव्हीवर; पाचशे मैलांची शर्यत सुरुवातीपासून शेवटपर्यंत अशी पहिल्यांदाच दाखवली.

तिरका ट्रॅक
वा. पुढचे दोघं आपटले म्हणून मिळालेली शर्यत पुरावा म्हणून आणताय?

त्रेचाळीस नंबर
म्हणजे आपटाआपटीत पिअर्सनची गाडी चालू राहिली तर ती कला, आणि पेटीची चालू राहिली तर नशीब?