कार्यालयात वीजबचतीचे आवाहन करूनही फरक पडत नाही. नेमके कसे सांगावे?

गंगाकाठ (प्रश्नकर्ता):

नमस्कार. मी नाशिकमधील एका खासगी कंपनीत प्रशासन विभागात काम करतो. दोन मजल्यांवर मिळून सुमारे 140 कर्मचारी बसतात. गेल्या उन्हाळ्यात विजेचे बिल पाहून व्यवस्थापनाने ‘लोकांमध्ये जागृती करा’ असा आदेश दिला आणि ते काम माझ्याकडे आले. मी सर्वांना ईमेल पाठवले, प्रत्येक स्विचबोर्डवर ‘विजेची बचत हीच विजेची निर्मिती’ असे स्टिकर लावले आणि 14 डिसेंबरला, राष्ट्रीय ऊर्जा संवर्धन दिनाच्या निमित्ताने, घोषवाक्य स्पर्धाही घेतली. स्पर्धेला प्रतिसाद उत्तम मिळाला. त्याच संध्याकाळी साडेसातला मी निघालो, तेव्हा ज्या बैठकीच्या खोलीत बक्षिसे वाटली गेली होती तिथले सगळे दिवे आणि प्रोजेक्टर चालूच होते.

शेवटच्या ईमेलमध्ये मी थोडी कडक भाषा वापरली: ‘आपल्यापैकी निम्म्याहून अधिक जण घरी जाताना संगणक बंद करत नाहीत, ही खेदाची बाब आहे.’ त्याचाही उपयोग झाला नाही. ही माणसे बेफिकीर आहेत असे मला वाटत नाही, कारण त्यांच्या घरी रिकाम्या खोलीत पंखा फिरत राहणार नाही याची मला खात्री आहे. मग कार्यालयात असे का होते, आणि त्यांच्याशी कसे बोलावे?

जुना_तारतंत्री:

मी तीस वर्षे इमारतींची विद्युत देखभाल केली आहे, म्हणून थोड्या वेगळ्या टोकापासून सुरुवात करतो. आपण लोकांना ‘वीज वाचवा’ म्हणता. पण कोणती वीज, हे आधी आपल्याला तरी माहीत आहे का? एक सोपा प्रयोग करा. संध्याकाळी सातला मीटरचे रीडिंग घ्या आणि दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला पुन्हा घ्या. कार्यालयात कोणी नसताना जेवढी युनिट जळली, तेवढाच आकडा सध्या पुरेसा आहे. त्यात सर्व्हर, फ्रिज आणि सुरक्षेचे दिवे यांचा वाटा अटळ असतो, पण उरलेला भाग बहुधा संगणक आणि विसरलेल्या एसींचा निघतो. एक संगणक नुसता चालू राहून 50 वॅट घेतो असे धरले, तरी चौदा तासांत 0.7 युनिट होते. असे 60 संगणक असतील तर एका रात्रीत 42 युनिट होतात. स्क्रीनसेव्हर लागला म्हणजे वीज वाचली, असे समजणारे लोक आजही भेटतात. संगणक ‘स्लीप’मध्ये गेला तर वीज वाचते, पडद्यावर मासे पोहू लागल्याने वाचत नाही.

बिलाची रक्कम मात्र लोकांना दाखवू नका. त्यात स्थिर आकार असतो, वहन आकार असतो, इंधन समायोजन आकार वरखाली होत असतो; त्यामुळे लोकांनी खरोखर बचत केलेल्या महिन्यातही रक्कम वाढू शकते आणि मग आपलेच म्हणणे खोटे ठरते. युनिट सांगा आणि तुलना मागच्या वर्षीच्या त्याच महिन्याशी करा, कारण मे महिन्याची तुलना जानेवारीशी करण्यात काही अर्थ नाही.

आणखी एक गोष्ट. सहा बटणांच्या बोर्डवर कोणते बटण कोणत्या दिव्याचे, हे आपल्या कार्यालयात किती जणांना ठाऊक आहे? ठाऊक नसले की शेवटी निघणारा माणूस एक दाबून पाहतो, पलीकडे काम करणारा ‘अहो!’ म्हणून ओरडतो, आणि तो पुन्हा त्या बोर्डला हात लावत नाही. घोषवाक्याचे स्टिकर काढा आणि त्या जागी ‘खिडकीकडील रांग’, ‘मधली रांग’, ‘प्रिंटरजवळ’ एवढेच लिहा.

अबोली_मुलुंड:

वरील प्रतिसादाशी सहमत आहे. फक्त त्या कडक ईमेलविषयी लिहिते, कारण मी मनुष्यबळ विभागात असताना अगदी हीच चूक केली होती. ‘निम्म्याहून अधिक जण बंद करत नाहीत’ हे वाचणाऱ्याला टोचेल असे आपल्याला वाटते, पण त्याच्यापर्यंत पोहोचतो तो वेगळाच निरोप: बहुतेकजण असेच वागतात, म्हणजे माझेही चालून जाते. कॅलिफोर्नियातील सॅन मार्कोस येथे घरगुती वीजवापरावर केलेला एक अभ्यास 2007 मध्ये प्रसिद्ध झाला होता. त्यात प्रत्येक घराला त्याचा स्वतःचा वापर आणि परिसरातील सरासरी वापर कळवण्यात आला. सरासरीपेक्षा जास्त वीज वापरणाऱ्यांनी वापर कमी केला हे अपेक्षितच होते. परंतु जी घरे आधीच काटकसरीने वागत होती, त्यांचा वापर सरासरीच्या दिशेने वाढला. मात्र ज्या काटकसरी घरांच्या पत्रावर आकड्याशेजारी एक हसरा चेहरा काढलेला होता, तिथे ही वाढ दिसली नाही. ‘तुम्ही करता ते योग्य आहे’ एवढी पावती त्यांना पुरली. आपल्या कार्यालयात संगणक बंद करून जाणारे जे कोणी आहेत, त्यांना आजवर कोणी काही म्हटले आहे का?

दुसरा मुद्दा एसीचा. घोषवाक्यांत तो कधीच येत नाही, पण कार्यालयात रोजचे वाद त्यावरूनच होतात. मी स्वतः चार वर्षे खुर्चीवर शाल ठेवून काम केले, कारण रिमोट ज्यांच्या हातात होता ते 18 अंशांच्या पुढे जायला तयार नसत. लवकर गार व्हावे म्हणून 18 लावायचे, ही समजूत फार पक्की असते. सर्वसाधारण नॉन-इन्व्हर्टर एसी 18 वर लावला काय किंवा 24 वर, खोली त्याच वेगाने गार होते. फक्त 18 वर तो थांबण्याचे नाव घेत नाही. ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोच्या म्हणण्यानुसार तापमान एका अंशाने वाढवले की सुमारे 6 टक्के वीज वाचते, आणि 1 जानेवारी 2020 पासून तारांकित रूम एसी सुरू होताना मुळात 24 अंशांवरच लागतात. म्हणजे नव्या एसीबाबत आपल्याला ‘तापमान वाढवा’ असे सांगायचे नसून ‘आहे तिथेच राहू द्या’ एवढेच सांगायचे आहे, आणि हे सांगणे बरेच सोपे असते.

मात्र ते वरून सुरू झाले पाहिजे. जपानमध्ये 2005 साली ‘कूल बिझ’ मोहिमेत कार्यालयांचे एसी उन्हाळ्यात 28 अंशांवर ठेवायचे ठरले, तेव्हा पंतप्रधान कोइझुमी स्वतः टाय न लावता लोकांसमोर आले. कोट-टाय उतरवल्याशिवाय 28 अंश सोसत नाहीत, आणि साहेबांनी उतरवल्याशिवाय खालचा माणूस उतरवत नाही. आपल्या व्यवस्थापकांच्या केबिनमधला एसी किती अंशांवर असतो, हे पाहून मगच पुढचा ईमेल लिहावा.

गंगाकाठ:

दोघांचेही आभार. केबिनमधील तापमानाचा प्रश्न मी जाहीरपणे विचारू शकणार नाही, हे आपण समजून घ्याल. परंतु मीटरचे रीडिंग तीन दिवस घेतले आणि रात्रीचा वापर माझ्या अंदाजापेक्षा बराच जास्त निघाला. मग संगणक चालू का ठेवता, असे मी पाच-सहा जणांना त्यांच्या जागेवर जाऊन सहज विचारले. चौघांनी एकच उत्तर दिले: अपडेट रात्री होतात, म्हणून मशीन बंद करू नका, असे संगणक विभागाने दोन वर्षांपूर्वी कळवले होते. म्हणजे माझा आणि त्यांचा असे परस्परविरोधी दोन ईमेल लोकांच्या इनबॉक्समध्ये होते, आणि लोकांनी तांत्रिक माणसाचे ऐकले.

जुना_तारतंत्री:

मग हा दोष कर्मचाऱ्यांचा नव्हताच. संगणक विभागाशी बोलून अपडेटसाठी आठवड्यातली एकच रात्र ठरवून घ्या, समजा बुधवार, आणि दोन्ही विभागांच्या नावाने एकच ईमेल काढा: ‘बुधवारी चालू ठेवा, इतर दिवशी बंद करा.’ घरून काम करताना कार्यालयातील संगणक लांबून वापरणारेही काही जण असतील. त्यांची वेगळी यादी करा, नाहीतर पहिल्याच आठवड्यात तक्रारी येतील आणि सगळेच बारगळेल.

आणि संध्याकाळी सातनंतर त्या इमारतीत खरोखर कोण असते? सफाई करणाऱ्या मावशी आणि रात्रीचे सुरक्षारक्षक. आपल्या ईमेलच्या यादीत त्यांची नावे नसणार. मी काम करत होतो तिथे रक्षक चालू दिवे पाहायचे, पण ‘आपण बंद केले आणि साहेबांचे काही बिघडले तर?’ या भीतीने हात लावत नसत. कशाला हात लावायचा आणि कशाला नाही, हे त्यांच्याबरोबर एकदा दोन्ही मजले फिरून दाखवा. सर्व्हरच्या खोलीच्या एसीवर लाल पट्टी लावा, म्हणजे उत्साहाच्या भरात तोच बंद व्हायचा नाही.

गंगाकाठ:

फेरी उद्याच मारतो. बुधवारच्या ईमेलचा मसुदा संगणक विभागाकडे दिला आहे. त्यांनी बुधवारऐवजी शुक्रवार सुचवला होता, पण शुक्रवारी चालू राहिलेला संगणक सोमवारपर्यंत चालू राहील हे दाखवल्यावर त्यांनी बुधवार मान्य केला.