मदत हवी आहे: स्ट्रेस थॅलियमच्या वेळी औषध देताना बाबांना चालवणार म्हणतात, बरोबर आहे का?

पऱ्हाटीवाला:
नमस्कार मंडळी. आम्ही दारव्ह्याच्या पुढचे, यवतमाळ जिल्हा. बाबांना चढावावर छातीत दाटून येतं, म्हणून नागपूरला स्ट्रेस थॅलियम (ताण देऊन हृदयाला रक्त नीट पोचतं का ते पाहणारी फोटोची तपासणी) लिहून दिली आहे. गुडघे गेलेत, ट्रेडमिलवर पळणं जमायचं नाही, तेव्हा अ‍ॅडिनोसिन देऊन करू म्हणाले. इथवर ठीक. पण औषध चालू असताना हळूहळू चालवू, त्याने त्रास कमी होतो, असंही म्हणाले. धाप लागेल, छाती आवळेल हे त्यांच्याच कागदावर छापलंय, अन् वरून चालवायचं? आमच्या शेजारच्या काकांची झोपवून केली होती, तोंड लालबुंद झालं होतं.

बाबा काठी टेकत वावरात फिरतात. हिवाळ्यात धाप लागते म्हणून गावचे डॉक्टर डेरिफायलिन देतात, ती चालू आहे. दमा आहे असं मात्र कोणी लिहून दिलेलं नाही.

गॅमा_कॅमेरा:
भाऊ, चालवू द्या. अ‍ॅडिनोसिनने अंगभर रक्तवाहिन्या सैल पडतात, म्हणून तोंड तापतं, बीपी उतरतो, कधी नाडी मंदावते. चालताना नाडी आणि बीपी जरा वर राहतात, त्यामुळे लाली, चक्कर कमी. फोटोही साफ येतो, कारण यकृत-आतड्यात ट्रेसर (फोटोसाठी टोचलेलं किरणोत्सारी द्रव्य) कमी साचतो आणि हृदयाची खालची भिंत नीट दिसते. औषध चार ते सहा मिनिटं चालतं. बंद केलं की लवकर उतरतं, रक्तातलं निम्मं १० सेकंदांच्या आत जातं. तरी छाती आवळली तर बाबांनी लगेच सांगायचं, सोसत राहायचं नाही. ईसीजीत डावा बंडल ब्रँच ब्लॉक (हृदयाच्या डाव्या बाजूच्या विजेच्या वाटेत अडथळा) असेल तर मात्र चालवत नाहीत.

मला काळजी त्या डेरिफायलिन गोळीची आहे. त्यातलं थिओफायलिन अ‍ॅडिनोसिनचा परिणाम अडवतं. दोष असून रिपोर्ट नॉर्मल येऊ शकतो. आणि खरंच दमा निघाला तर अ‍ॅडिनोसिन बहुधा देत नाहीत, डोब्युटामिनवर (हृदयाचे ठोके वाढवणारं दुसरं औषध) जातात. गोळी मनाने बंद करू नका, आजच सेंटरला फोन करा. चहा, कॉफी, कोला, चॉकलेटही आदल्या दिवसापासून बंद, किती तास ते तेच सांगतील.

पऱ्हाटीवाला:
फोन केला. गोळीचं पाकीट घेऊन आधी छातीच्या डॉक्टरांना दाखवा म्हणाले, तारीख पुढे गेली. चहाचं बाबांना अजून सांगितलं नाही, ते काम आईकडे दिलंय.