अनुभव धागा : शिकण्यासाठी घरात आलेल्या फोनचे पुढे काय झाले?

निवेदन

मार्च 2020मध्ये शाळांना कुलपे लागली आणि त्याच वर्षी 29 जुलैला केंद्रीय मंत्रिमंडळाने राष्ट्रीय शैक्षणिक धोरण मंजूर केले. डॉ. कस्तुरीरंगन समितीने मसुदा 2019मध्येच सादर केला असल्यामुळे त्यात महामारीचा विचार असण्याचा प्रश्नच नव्हता. अंतिम दस्तऐवजात मात्र ऑनलाइन आणि डिजिटल शिक्षणासाठी 24वे प्रकरण आले आणि साधने असलेल्या व नसलेल्या मुलांमधली दरी मिटल्याखेरीज या शिक्षणाचा लाभ पदरात पडणार नाही, अशी कबुलीही त्यातच आली. धोरणाची बाजू घेणारे आणि त्याला विरोध करणारे लेखन पुष्कळ झाले आहे. येथे ते अपेक्षित नाही. शिकण्यासाठी म्हणून जे यंत्र तुमच्या घरात किंवा वर्गात आले, त्याने तुमच्या बाबतीत नेमके काय केले, एवढेच लिहावे. व्यक्तींची आणि संस्थांची नावे टाळावीत. आलेल्या मजकुरांपैकी काही पुढे देत आहोत.

दहावी 2021, पिंपरी-चिंचवड

मी नववीची दुसऱ्या सत्राची परीक्षा दिली नाही आणि दहावीची बोर्डाची परीक्षाही दिली नाही. ज्या नववीची परीक्षा अर्धीच झाली होती, तिच्या निकालावर माझ्या दहावीच्या शंभरांपैकी पन्नास गुण ठरले. 16 जुलै 2021 रोजी राज्याचा निकाल 99.95 टक्के लागला, तेव्हा आमच्या चाळीत कोणी पेढे मागितले नाहीत. ‘कोरोना बॅच’ एवढेच म्हणाले.

घरात फोन एकच होता. टाळेबंदी होती तोवर तो माझ्याकडे असे. बाबांची रिक्षा पुन्हा रस्त्यावर आली, तेव्हा फोनही त्यांच्याबरोबर जाऊ लागला. भूमितीच्या रचना मी रात्री दहानंतर, तळहाताएवढ्या पडद्यावर, सरांनी पाठवलेल्या चित्रफिती थांबवत थांबवत शिकलो. अकरावीच्या प्रवेशासाठी 21 ऑगस्टला सीईटी होणार म्हणून मी खरोखर अभ्यास केला होता, पण 10 ऑगस्टला उच्च न्यायालयाने ती रद्द केली. निर्णय योग्य असेलही, परंतु मला काही येते हे दाखवण्याची एक संधी होती आणि तीही गेली, असे त्या दिवशी वाटले. बारावीला, 2023 साली, मी पहिल्यांदा बोर्डाच्या परीक्षेला तीन तास बसून पेपर लिहिला. उत्तरे येत होती, हात चालत नव्हता. पुरवणी कधी मागायची असते, हेदेखील मी शेजारच्या बाकावरच्या मुलीकडे पाहून शिकलो.

जिल्हा परिषद शाळेतील शिक्षिका, जव्हार परिसर

आमची शाळा दोनशिक्षकी आहे. त्या वर्षी पटावरच्या मुलांपैकी जेमतेम सहा घरांत स्मार्टफोन होता आणि त्यातल्या चार घरांतील माणसे दिवाळीनंतर फोनसह वीटभट्टीवर गेली. रेंज मिळवण्यासाठी मी टेकडीवर चढत असे, पण मी पाठवलेला पाठ पाहण्यासाठी मुलांनीही दुसऱ्या टेकडीवर चढावे, अशी अपेक्षा कशी करणार? आमच्याकडच्या काही पाड्यांवर ध्वनिक्षेपकावरून धडे ऐकवले गेले. मोकळ्या जागेत अंतर राखून बसलेली मुले त्या आवाजाला उत्तरे देत. निदान तिथे मुले एकत्र तरी येत होती.

जून 2020मध्ये पहिलीत दाखल झालेल्या मुलांविषयी मला सविस्तर लिहायचे आहे. ग्रामीण भागातील पहिली ते चौथीचे वर्ग 1 डिसेंबर 2021 रोजी उघडले, म्हणजे या मुलांनी वर्गाचा उंबरठा ओलांडला तेव्हा ती दुसरीत होती. जानेवारीत शाळा पुन्हा बंद झाल्या आणि 24 जानेवारीपासून परत सुरू झाल्या. मागच्या इयत्तेची उजळणी व्हावी म्हणून 2021च्या जुलैमध्ये पंचेचाळीस दिवसांचा सेतू अभ्यासक्रम आला होता. तो मनापासून तयार केलेला होता, परंतु ज्यांनी पहिली पाहिलीच नव्हती, त्यांनी सेतूचे पहिले टोक शोधायचे कुठे? मी चिंचोके काढले, मातीत अक्षरे गिरवायला लावली आणि दुसरीचे पुस्तक मार्चपर्यंत बाजूला ठेवले. देशाच्या ग्रामीण भागातील तिसरीच्या मुलांपैकी दुसरीचा उतारा वाचू शकणारी मुले 2018मध्ये 27.3 टक्के होती आणि 2022मध्ये ती 20.5 टक्क्यांवर आली, असे ‘असर’ या ग्रामीण शिक्षणाच्या देशव्यापी पाहणीत पुढे वाचले, तेव्हा आश्चर्य वाटले नाही, त्यातली कितीतरी माझ्यासमोर बसलेली होती.

फोनचा उपयोग झालाच नाही, असे मात्र म्हणणार नाही. पाठ्यपुस्तकातला क्यूआर कोड स्कॅन करून ‘दीक्षा’ या सरकारी शैक्षणिक पोर्टलवरील गोष्ट दाखवली की मुले खिळून बसतात, पण ती गोष्ट संपली की संपते. खरा उपयोग मला अपघाताने सापडला. एका मुलाचे वाचन मी रेकॉर्ड करून त्यालाच ऐकवले. तो हसला, मग म्हणाला, “बाई, मी लय अडकतो,” आणि पुन्हा वाचू लागला. आता आठवड्यातून एकदा प्रत्येकाचे वाचन रेकॉर्ड होते आणि घरी वारलीत सांगितली जाणारी एखादी गोष्टही. पायाभूत साक्षरतेसाठी ‘निपुण भारत’ हे केंद्राचे अभियान आले, त्याचे उद्दिष्ट मला मान्य आहे. मात्र वाचन घेतल्याचा फोटो टाकण्यात आणि लिंक भरण्यात जो वेळ जातो, तो वाचनातूनच वजा होतो.

अंध विद्यार्थिनी, पदव्युत्तर द्वितीय वर्ष, नाशिक

हे विचित्र वाटेल, पण ऑनलाइन वर्गांचे ते दीड वर्ष माझ्यासाठी अभ्यासाचे सर्वांत सोयीचे वर्ष होते. एरवी फळ्यावर लिहिले जाणारे सगळे त्या काळात टंकलिखित होऊन माझ्या लॅपटॉपवर येत होते आणि एनव्हीडीए हा मोफत स्क्रीन रीडर ते मला वाचून दाखवत होता. वर्गात कोण बोलत आहे हे विचारावे लागत नव्हते, कारण बोलणाऱ्याचे नाव तो सांगत असे. बसथांबा, जिना, उघडी गटारे यांपैकी काहीही मध्ये नव्हते.

अडचण मराठीची होती. युनिकोड (कोणत्याही यंत्राला वाचता येणारी अक्षरांची प्रमाण पद्धत) नसलेल्या जुन्या टंकांतल्या फाइली आल्या की स्क्रीन रीडर इंग्रजी अक्षरांची आणि चिन्हांची एक अखंड बडबड सुरू करी. एका प्राध्यापकांना मी ती फोनवरून ऐकवली. त्यांनी आधी फाइल बिघडली असे मानले, मग कारण समजल्यावर संपूर्ण सत्राच्या टिपणांचे युनिकोडमध्ये पुन्हा टंकलेखन केले. महाविद्यालय उघडले आणि सगळे पूर्ववत झाले. आता हाताने लिहिलेल्या वहीच्या पानांचे फोटो वर्गाच्या गटावर येतात. माझ्या यंत्रासाठी ते केवळ ‘चित्र’ असते. दृष्टिहीनांसाठी साहित्य तयार करण्याचे आश्वासन 2020मध्ये ‘पीएम ई-विद्या’ या केंद्राच्या डिजिटल शिक्षण योजनेत दिले गेले होते, त्याचे मी स्वागतच करते, पण फोटो काढण्याऐवजी फाइल पाठवावी, यासाठी कुठल्याच योजनेची गरज नाही.

प्राध्यापक, संलग्न महाविद्यालय, यवतमाळ जिल्हा

आमच्याकडे राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार पदवीची नवी रचना 2024–25पासून लागू झाली. मेजर (मुख्य विषय), मायनर (दुय्यम विषय), व्हीएससी (व्यावसायिक कौशल्याचा अभ्यासक्रम), एईसी (भाषा व क्षमतावर्धनाचा अभ्यासक्रम) यांची फोड करून सांगण्यात पहिले दोन आठवडे गेले. ‘स्वयम्’ या केंद्र सरकारच्या ऑनलाइन अभ्यासक्रमांच्या पोर्टलवरून चाळीस टक्क्यांपर्यंत श्रेयांक मिळवण्याची मुभा आहे, हे ऐकून मुले आनंदली, नंतर यादीत मराठी माध्यमातून घेण्याजोगे आपल्या विषयाचे काय आहे, हे शोधू लागल्यावर गप्प झाली. विद्यार्थ्यांचे श्रेयांक साठवणाऱ्या ऑनलाइन श्रेयांक बँकेत सर्वांची खाती उघडून झाली आहेत. आधार कार्डावरील आणि गुणपत्रिकेवरील नावांत वेलांटीचा फरक असलेल्यांची तेवढी राहिली आहेत, आणि मराठी नावांच्या बाबतीत ही संख्या लहान नसते.

आजोबा, कडेगाव तालुका, जिल्हा सांगली

आमच्या तालुक्यातील मोहित्यांचे वडगाव येथे 2022पासून संध्याकाळी सात वाजता मंदिरावरचा भोंगा वाजतो आणि दीड तास टीव्ही व मोबाइल बंद ठेवले जातात. शाळेसाठी हातात आलेला फोन शाळा उघडल्यावरही मुलांच्या हातातून सुटेना, म्हणून गावाने हा उपाय काढला. आमच्या गावात भोंगा नाही, तेव्हा मीच भिंतीवरच्या घड्याळाकडे बोट दाखवतो. नातू पाचवीत आहे. तो कुरकुरत का होईना, वही उघडतो. साडेआठ कधी वाजतात याची घाई त्याच्यापेक्षा त्याच्या बापाला अधिक असते.