शाळेत शांत, घरी मेल्टडाउन: शाळेला कसं पटवू?

माझा मुलगा ७ वर्षांचा, ऑटिस्टिक आहे. शाळेत दिवसभर गप्प असतो. घरात पाऊल टाकताच रडणं, कानांवर हात, डोकं आपटणं सुरू. यालाच मेल्टडाउन म्हणतात, हा हट्ट नव्हे. गोंगाट-गर्दी दिवसभर सोसून तो पार थकलेला असतो. अशा वेळी मी दिवे मंद करते, डोक्याखाली उशी सरकवते, बोलणं थांबवते, हळूहळू निवळतो.

शाळेत मात्र एकच उत्तर: ‘इथे तर छान असतो!’ मधल्या सुट्टीत शांत कोपरा, आवाज कमी करणारे हेडफोन, तास बदलण्याआधी चित्र दाखवून सूचना, एवढंच हवंय.

अशा सोयी मिळवलेल्या पालकांनो, आधी कोणाशी बोललात? थेरपिस्टचं पत्र नेलं होतं का? इथले शिक्षकही सांगा ना, पालकांनी कसं मांडलं तर पटतं? धाकटी बहीण फार घाबरते, तिला काय सांगू?