शर्यतीचा गेम देखणा करताना: खान्देशकरांचे अनुभव

मंडळी, मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा 45 अंशांना टेकतो. दुपारी घराबाहेर पडणं होत नाही आणि गाड्यांचे गेम नेमके तेव्हाच रंगतात. आपल्यातल्या बऱ्याच जणांकडे चार-सहा वर्षं जुनं ग्राफिक्स कार्ड (गेमचं चित्र काढणारा संगणकाचा भाग) आहे. 'नवं घ्या' हा सल्ला इथे नको. आहे त्याच कार्डावर कोणती सेटिंग बदलली, रस्ता आणि गाडी कशी दिसायला लागली, बदल्यात काय सोडावं लागलं, ते लिहा.

सुरुवात मी करतो. माझं कार्ड जीटीएक्स 1050 टीआय, 4 जीबीचं. मोठ्या खुल्या नकाशाच्या एका गेममध्ये टेक्श्चर (भिंती-रस्त्यांवर चढवलेली चित्रं) सगळ्यात वरच्या पायरीवर ठेवले होते. फ्रेमचा, म्हणजे सेकंदाला उमटणाऱ्या चित्रांचा, आकडा 55च्या आसपास, म्हणजे कागदावर उत्तम. पण गावात शिरलं की गाडी ठेचकाळायची. कार्डाची मेमरी भरली की उरलेला माल संगणकाच्या रॅममधून आणावा लागतो आणि तो रस्ता फार हळू. टेक्श्चर एक पायरी खाली आणले, ठेच गेली. चित्रात फरक शोधायला मला गाडी थांबवून भिंतीजवळ न्यावी लागली.

चोपड्याहून

माझे वडील तीस वर्षं ट्रकवर होते. केळीच्या गाड्या थेट दिल्लीपर्यंत नेलेला माणूस. आता घरी असतात, म्हणून त्यांच्यासाठी स्टीअरिंग आणून युरो ट्रक सिम्युलेटर 2 लावला. शर्यत नाही, पण दुखणं तेच, म्हणून इथे लिहितेय.

पहिल्याच दिवशी ते म्हणाले, रस्ता पुढे पुसल्यासारखा का दिसतो? मी नीट पाहिलं. बोनेटपुढचं डांबर खडीसकट स्पष्ट, पण थोडं पुढे गेलं की पांढरे पट्टे डांबरात विरघळलेले. वर्षभर खेळून माझ्या हे लक्षात आलं नव्हतं. रस्त्यावर ज्याची नजर तयार झालीय त्याला ते पाच मिनिटांत खटकलं.

हे काम अॅनिसोट्रॉपिक फिल्टरिंगचं. समोरच्या भिंतीचं चित्र आपण सरळ पाहतो, रस्ता मात्र तिरका, लांबवर निमुळता होत जाणारा. साधं फिल्टरिंग अशा तिरक्या पृष्ठभागाचा लगदा करतं. गेममधली पट्टी तळाशी होती, ती पार वर नेली. दोन-तीन फ्रेम गेल्या असतील. वडील गाडी बाजूला न घेता नुसतं म्हणाले, "आते दिखस रस्ता."

दुसरा प्रश्न आरशांचा. आरशात मागचा रस्ता दाखवायचा म्हणजे कार्डाला तेच जग दुसऱ्या बाजूने पुन्हा काढावं लागतं, आणि ट्रकला आरसे अनेक. मी ते बंद करायला निघाले, तर वडील स्टीअरिंग सोडून उठले. आरशाशिवाय गाडी चालवणार नाही म्हणाले. मग आरसे मध्यम ठेवले आणि सावल्या दोन पायऱ्या खाली आणल्या. झाडाची सावली थोडी ओबडधोबड पडते, त्यांचं काही म्हणणं नाही. कोणतं सेटिंग कमी करायचं हे गाडी चालवणाऱ्याला विचारून ठरवावं, असं माझं ठाम मत झालंय.

धुळ्याहून

चोपड्याच्या ताईंचं आरशांचं पटलं. माझी गोष्ट टीव्हीची. एचडीएमआयने संगणक टीव्हीला जोडला तर रात्रीची शर्यत राखेतून चालल्यासारखी, काळा रंग कुठेच काळा नाही. गामा, ब्राइटनेस, सगळं करून झालं. शेवटी कार्डाच्या कंट्रोल पॅनेलमध्ये आउटपुट डायनॅमिक रेंज 'लिमिटेड' दिसली. त्यात 16 ते 235 एवढ्याच छटा जातात, तर 'फुल'मध्ये 0 ते 255. 'फुल' केली आणि टीव्हीतही तीच निवडली. दोन्हीकडे सारखी हवी, नाहीतर अंधारातला तपशील बुडतो. टीव्हीचा गेम मोडही चालू करा, स्टीअरिंग वळवल्यावर गाडी उशिरा वळते ते कमी होईल.

अमळनेरहून

2005चा नीड फॉर स्पीड मोस्ट वॉन्टेड अजून खेळणारे इथे असतीलच. त्यात गाडीच्या पत्र्यावरचं प्रतिबिंब किती वेळा ताजं करायचं याची वेगळी पट्टी आहे. शर्यतीच्या गेममध्ये निम्मा देखणेपणा या पत्र्यावरच असतो. गाडीच्या भोवताली सहा बाजूंची चित्रं काढून ती पत्र्यावर उमटवतात. सहाही दर फ्रेमला नवी काढली तर कार्डाला धाप लागते. असेटो कोर्सामध्येही हे कमी-जास्त करता येतं. मी प्रतिबिंबाचा दर्जा चांगला ठेवतो आणि ते ताजं करण्याचा वेग कमी. वेगात असताना डोळा ते पकडत नाही.

जळगावहून, जिनिंगच्या परिसरातून

सेटिंगच्या आधीचं सांगतो. गेल्या उन्हाळ्यात माझा गेम पहिली दहा मिनिटं झकास चालायचा, मग चित्र अडखळायचं. मी रोज एकेक सेटिंग कमी करत गेलो, इतकं की शेवटी झाडं पुठ्ठ्याची दिसायला लागली. एका संध्याकाळी तापमान दाखवणारं सॉफ्टवेअर टाकलं. कार्ड 80 अंशांच्या पुढे चढत होतं आणि मग स्वतःचा वेग उतरवत होतं.

कॅबिनेट उघडलं. आमच्याकडे हंगामात हवेत कापसाची तूस असते. पंख्याच्या पात्यांमागे, अॅल्युमिनियमच्या पापुद्र्यांवर तिचा चक्क नमदा बसला होता, बोटाने उचलला तर अखंड पट्टी निघाली. प्लग काढून, रंगाच्या मऊ ब्रशने साफ केलं. फुंकर मारताना किंवा ब्लोअर लावताना पंखा बोटाने धरून ठेवा, गरगर फिरू देऊ नका.

त्यानंतर फ्रेमची मर्यादा घातली. एनव्हिडियाच्या ड्रायव्हरमध्ये (कार्ड बनवणाऱ्या कंपनीच्या, कार्ड चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये) ही सोय 2020च्या जानेवारीपासून आहे. माझा मॉनिटर 60 हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला 60 चित्रं दाखवणारा, तरी कार्ड 90 फ्रेम काढत तापत होतं, वरच्या 30 मला दिसणारही नव्हत्या. 60वर बांधलं, तापमान दहा-बारा अंशांनी खाली आलं. कमी केलेली सगळी सेटिंग एकेक करून परत वर नेली. पुठ्ठ्याची झाडं गेली. इतके दिवस मी नको तिथे काटकसर करत होतो, याचं अजून वाईट वाटतं.

शिरपूरहून, वसतिगृहातून

लॅपटॉपला वेगळं कार्ड नाही. 8 जीबीची एकच रॅमपट्टी होती. प्रोसेसरमधलं ग्राफिक्स रॅमच वापरतं, म्हणून दुसरी तशीच पट्टी लावली की येण्याजाण्याची वाट दुप्पट रुंद होते. डर्ट रॅली हा गेम 720पीवर (कमी बारकाव्याच्या चित्रावर) 30 फ्रेमच्या आत रखडायचा, आता 40च्या वर जातो. याआधी मी महिनाभर फक्त सेटिंग बदलत होतो.

अमळनेरहून, पुन्हा

शिरपूरच्या भाऊंना: 60 हर्ट्झच्या पडद्यावर 40 ते 50 असं खालीवर होत असेल तर व्ही-सिंक (फ्रेम पडद्याच्या ठेक्याशी जुळवणारी सोय) लावून 30वर बांधून पाहा. आकडा लहान, पण प्रत्येक फ्रेम सारखा वेळ टिकते, म्हणून वळणावर हात बसतो. मोशन ब्लर (वेगात चित्र पुसट करणारं सेटिंग) थोडा चालू ठेवा, 30ला तो उपयोगी पडतो.

नंदुरबारहून

एक अडचण आहे. अँटिअलायझिंग (दातेरी कडा गुळगुळीत करणारं सेटिंग) एमएसएए 4एक्स या प्रकारावर केलं. गाडीच्या कडा, विजेचे खांब गुळगुळीत झाले, पण ट्रॅकच्या कडेची जाळी आणि झाडांची पानं अजून चमचम करतात.

धुळ्याहून

एमएसएए आकाराच्या कडांवर काम करतं. जाळी आणि पानं म्हणजे सपाट पत्र्यावर चिकटवलेलं, मध्ये भोकं असलेलं चित्र, त्या भोकांच्या कडा त्याला दिसत नाहीत. ड्रायव्हरमध्ये ट्रान्सपरन्सी अँटिअलायझिंग वेगळं असतं, ते मल्टिसॅम्पलवर करून पाहा. काही गेम ड्रायव्हरचं ऐकत नाहीत. तुमच्या गेममध्ये टीएए (आधीच्या फ्रेमशी मिसळून कडा मऊ करणारा प्रकार) असेल तर तेही लावून पाहा, चमचम थांबते, पण चित्र जरा मऊ होतं.

नंदुरबारहून

केलं. जाळी शांत झाली. पानं अजून थोडी हलतात, पण तेवढा वारा चालेल. रात्री लाइट आली की टीएए लावून पुन्हा लिहितो.