नाताळ ठेवा, पण तिकिटाची वेळ बदला

दिवसभराच्या तिकिटावर येणाऱ्यांना रोषणाई दिसतच नाही, म्हणून करमणुकीच्या पार्कनं नाताळ करूच नये, असं काहीजण म्हणतात. ते अर्धंच खरं आहे. २५ डिसेंबरला नागपूर-वर्ध्याकडे सूर्य पावणेसहाच्या आत मावळतो. पाचला गेट बंद केलं तर लायटिंगचा खर्च वाया जाणारच. त्या दिवसांत दुपारी १ ते रात्री ८ अशी वेळ ठेवा. मुख्य कार्यक्रम साडेसहालाच उरका, खेड्यातल्यांना शेवटची एसटी गाठायची असते.

खरा घोळ दवाचा. अंधार पडला की दिव्यांच्या माळांच्या जोडांवर दव बसतं. जोडाला नुसती चिकटपट्टी असेल तर ओल आत शिरते, करंट गळतो आणि आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की वीज तोडणारा स्विच, पडतो. मग कोणीतरी शहाणा तो बायपास करतो, तिथंच जीवावर बेततं. म्हणून तीन-चार झाडांमागे ३० मिलिॲम्पिअरचा वेगळा आरसीसीबी द्या, म्हणजे एक पडला तरी सगळा पार्क अंधारात जात नाही. जोड वॉटरप्रूफ डबीत, जमिनीपासून वर टांगलेले.

बर्फ म्हणून कापूस पसरायचा मोह आपल्याकडे होणारच, वावरातच पडलाय ना! हॅलोजनजवळ तो भडकतो. फेसाचं मशीन बरं, पण फरशीवर नको, पोट्टे घसरतात. हिरवळीवर चालवा, तेही चारच्या आत. नंतर ओल्या कपड्यांत थंडी वाजते.

आणि दहा दिवसांचा महोत्सव कशाला? राज्य मंडळाच्या बहुतेक शाळांना सुट्टी फक्त २५ तारखेची. तो दिवस अन् जवळचा शनिवार-रविवार पुरे.