कोलंबोचे पैसे २०२२ पासून अडकलेत: राइट-ऑफ करायचं की बिलाची रक्कम कमी करून घ्यायची?

मंडळी, बेळगावच्या उद्यमबागेत आमचं पंपांच्या सुट्या भागांचं मशीनिंग आहे. २००९ ला युद्ध संपल्यावर श्रीलंकेत बांधकाम, हॉटेलं जोरात होती, तेव्हा कोलंबोचं गिऱ्हाईक नेमाने माल उचलायचं. एप्रिल २०२२ मध्ये तिथल्या सरकारनेच परकीय कर्ज फेडणं थांबवलं. डॉलर साधारण २०० लंकन रुपयांवरून ३६० वर गेला आणि आमची दोन बिलं लटकली.

गिऱ्हाईक बुडवं नाही. मुदतीत त्याने बँकेत लंकन रुपये भरले, पावती आमच्याकडे आहे. बँकेकडे डॉलरच नव्हते. आता ६५ टक्क्यांवर मिटवू म्हणतोय, कारण त्या रुपयांत आजच्या दराने तेवढेच डॉलर येतात. हिशोब खोटा नाही, म्हणूनच पंचाईत.

व्यवहार डीए ९० दिवसांचा, म्हणजे गिऱ्हाईकाने बिल स्वीकारून कागद सोडवायचे आणि पैसे ९० दिवसांनी द्यायचे. एलसी (बँकेची पैशांची हमी) नाही, ईसीजीसीचं कव्हर (निर्यातीच्या पैशांचा विमा) नाही. शिपिंग बिलं ईडीपीएमएसमध्ये (निर्यातीचे पैसे आले की नाही याची रिझर्व्ह बँकेची नोंद) अजून उघडी, ड्रॉबॅक (निर्यातीवर मिळणारा शुल्काचा परतावा) घेतलेला. मुदतवाढ घेऊन झाली. आता शाखेतले साहेब दर वेळी 'मुंबईला विचारतो' म्हणतात. आमचे सीए जीएसटीत पक्के, पण फेमाला (परकीय चलनाचा कायदा) हात लावत नाहीत. कोर्टकचेरी नको, रकमेपेक्षा वकिलाची फी जास्त व्हायची.

जुलै २०२२ मध्ये रिझर्व्ह बँकेने लंकेच्या व्यवहारांना एसीयूबाहेर (एसीयू म्हणजे आशियाई देशांची आपसात पैसे चुकते करायची व्यवस्था) परवानगी दिली, त्यामुळे पैसे कुठल्या वाटेने येतील ही अडचण नाही.

उरलेले ३५ टक्के राइट-ऑफमध्ये दाखवायचे की बिलाची रक्कम कमी करून? अशी एन्ट्री कुणी बंद करून घेतली असेल तर बँकेला कोणते कागद दिलेत, आणि तेवढ्या भागाचा ड्रॉबॅक व्याजासकट परत भरावा लागला का?